फक्कीची रेघ

सांगलीच्या त्या कॉलेजात भूगोलाला पोरं मिळेनात, म्हणून संस्थेनं गेम डिझाईन काढलं.

आधी पाटी बदलली. भूगोल विभागाच्या पाटीवरच नवं व्हिनाईल चिकटवलं. नकाशांची खोली रिकामी करून तिथं कॉम्प्युटर मांडले आणि गणपतीच्या कमानी रंगवणाऱ्या पेंटरकडून भिंतीवर आग ओकणारा राक्षस काढून घेतला. शिकवायला कोण? भूगोलाचे गंगाधर सर बसूनच होते. सचिव त्यांना म्हणाले, "सर, गेममध्ये डोंगर असतात, नद्या असतात. तुमचाच विषय आहे." सर तासिका तत्त्वावर होते. ज्याला दर जूनला नोकरी नव्यानं मागावी लागते, तो माणूस डोंगरांवरून वाद घालत नाही.

प्राची ह्याच कोर्सची. आष्ट्याजवळच्या एका गावातली, जैन घरातली. ती बारावीला असताना वडील गेले. उसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता, वडिलांची मोटरसायकल सरळ आत गेली. तेव्हापासून प्राचीला कशाचंच फारसं काही वाटेनासं झालं. लोक म्हणायचे, पोरगी धीराची. धीरबीर काही नव्हता. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं तिला सगळं अंगच परकं झालं होतं. मोबाईलवर गेम खेळताना तेवढा वेळ बरा जायचा. म्हणून तिनं हा कोर्स घेतला. दुसरं काही कारण नव्हतं.

तिच्या शेजारच्या मशीनवर शंभूराज बसायचा. वाईच्या पलीकडचा, डोंगरातला. पहिल्या वर्षी सरांनी समोच्च रेषांवरून गेमची जमीन कशी उभी करायची ते शिकवलं. उंच ते पांढरं, खोल ते काळं. शंभूराजनं आपल्या गावामागचा अख्खा डोंगर उभा केला आणि वर एक राक्षस ठेवला. प्राचीनं आपलं गाव केलं, तर पडद्यावर नुसती करडी चादर आली.

"आयला, तुमच्याकडं चढच न्हाई गं," शंभूराज म्हणाला. "प्लेअरनं करायचं काय? ऊस खात फिरायचं?"

"आमच्याकडं प्लेअर चालतच न्हाई. बसून ऱ्हातो."

दुसऱ्या वर्षी संस्थेनं 'इंडस्ट्री प्रोजेक्ट' आणला. गावागावांत ड्रोन फिरवून गावठाणाची मोजणी चालली होती. आकाशातनं काढलेल्या फोटोवर प्रत्येक घराची, अंगणाची, बोळाची हद्द माऊसनं ओढायची, असं ते काम. ज्या ठेकेदाराला ते मिळालं होतं त्यानं ते संस्थेच्या गळ्यात घातलं आणि संस्थेनं पोरांच्या. सचिवांनी लॅबमध्ये येऊन भाषण ठोकलं, की जगातल्या मोठमोठ्या गेमचे नकाशे असेच बनतात. पोरांना पगार नाही. सर्टिफिकेट. सर्टिफिकेट नसेल तर प्रॅक्टिकलचे मार्क नाहीत. गेम करायला आलेली पोरं सकाळ-दुपार लोकांची छपरं गिरवायला लागली.

काम सोपं होतं आणि डोकं मारणारं होतं. कोपऱ्यावर क्लिक, पुढच्या कोपऱ्यावर क्लिक, फिरून पहिल्या कोपऱ्यावर आलं की घर बंद. पुढचं घर. काही पोरं कंटाळून रडकुंडीला आली. प्राचीला काही झालं नाही. तिचा हात सगळ्यांत जलद चालायचा. तिला वरून दिसणारं कुठलंच घर घर वाटत नव्हतं, त्यामुळं अडत नव्हतं.

सरांनी एकच नियम सांगितला होता. "दिसतंय ते काढायचं. मनातलं काढायचं नाही. आणि पांढरी रेघ दिसली की ती हद्द."

कारण ड्रोन यायच्या आधी ग्रामपंचायत गावात फक्कीची पोती आणून ठेवायची. कबड्डीच्या मैदानाला मारतात तीच पांढरी फक्की. ज्यानं त्यानं आपापल्या जागेची हद्द फक्कीनं आखायची, म्हणजे वरून दिसते.

"पण सर, खाली जाऊन बघितलं तर?" एका पोरानं विचारलं.

"पूर्वी जायचो. क्षेत्रभेट म्हणायचे त्याला." सर फळा पुसत होते. "आता फोटो असतो."

ज्याचं गाव त्याला ते द्यायचं नाही असाही नियम होता. म्हणून प्राचीचं गाव शंभूराजच्या मशीनवर आलं.

"ए प्राची, हे तुमचंच न्हवं का? ही बघ बस्ती. बस्तीच म्हणता न्हवं तुमच्या देवळाला?"

प्राची खुर्ची सरकवून बघायला गेली. बस्तीचं शिखर वरून बटणासारखं दिसत होतं. तिनं बोटानं रस्ता धरला आणि आपल्या घरावर आली. रस्त्याकडेला महावीरकाकांचं घर, मग अंगण, अंगणामागं प्राचीचं. वडील आणि काका सख्खे भाऊ. वाटणी तोंडी झाली होती. पुढचं काकांना, मागचं हिच्या वडिलांना, अंगण दोघांचं. बाहेर पडायचं फाटक एकच, तेही अंगणातनं, काकांच्या घराच्या कडेनं.

अंगणात माणसांचे ठिपके होते. सगळे पांढरे, पिवळे, केशरी. आणि मागच्या घराच्या पायरीला लागून एक ठिपका वेगळा होता, निळा. आईची कामावरची साडी. ठिपक्याच्या पुढ्यातनं, अंगण आडवं कापत, एक पांढरी रेघ गेली होती.

"ही कंची हद्द?" शंभूराज म्हणाला. त्यानं रेघ ओढलीसुद्धा होती.

"हद्द न्हाई ती. पूस."

"रेघ तर हाय की."

"पूस म्हणते ना."

मग तिनं सांगितलं. गावात मुनी महाराजांचा विहार आला होता. काकांच्या घरी आहाराचा चौका लावलेला. महाराज दिवसातनं एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. त्यासाठी सगळं शुद्ध लागतं. सोवळ्याची माणसं एका बाजूला, बाकीची दुसऱ्या. त्रिशलाकाकूनं मधी रेघ मारली. फक्की कुठली? ग्रामपंचायतीनं चावडीवर पोती ठेवली होती त्यातलीच, सूपभर आणलेली. आणि ड्रोन नेमका त्याच सकाळी आला. गावातली लहान पोरं महाराजांमागं पळावं का ड्रोनमागं, अशी गोंधळली होती.

"मग तुझी आई पलीकडं का?" शंभूराजनं विचारलं. "तुमीबी जैनच न्हवं?"

"आई हॅचरीत हाय कामाला."

"म्हंजे?"

"अंड्याच्या."

शंभूराजला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यानं पडद्यावरची ती रेघ परत बघितली. त्यांच्याकडं फक्की मारतात ती बैलगाड्यांच्या शर्यतीला.

ज्या घरात अंडं हा शब्दसुद्धा कोणी मोठ्यानं काढत नाही, त्या घरातली प्राचीची आई पद्मावती नवरा गेल्यावर अंड्यांचे ट्रे उचलायला जायला लागली. तडकलेली बाजूला काढायची, चांगली आत ढकलायची. समाजातल्या कोणी तिला दुसरं काम दिलं नव्हतं. बोलायला मात्र सगळे होते. त्या सकाळी त्रिशलाकाकू रेघ मारता मारता म्हणाली, "आक्का, तुमी त्या अंगाला ऱ्हावा. उगंच महाराजांच्या आहारात आंतराय नको." महाराजांनी ही रेघ बघितलीसुद्धा नसेल. ते आले, आहार घेतला, आशीर्वाद दिला, गेले. पद्मावती रेघेमागं हात जोडून उभी होती. फाटकापर्यंत जाता येईना, म्हणून तिचा त्या दिवशीचा खाडा झाला.

शंभूराजनं रेघ पुसली आणि गाव पाठवून दिलं.

ते परत आलं. ठेकेदाराचा तपासणारा माणूस पुण्यात बसायचा. त्यानं अंगणावर लाल गोल मारून पाठवला होता: पांढरी रेघ दिसते आहे, काढलेली नाही. शंभूराजनं तसंच परत पाठवलं. ते परत आलं, ह्या वेळी सचिवांना फोन करून. सचिवांनी सरांना बोलावलं. सर लॅबमध्ये आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"एका रेघेपायी अख्ख्या वर्गाची सर्टिफिकेटं अडवलीत, शंभूराज."

"सर, रेघ खोटी हाय."

"खोटी कशी? दिसतेय की."

प्राची उठली. "सर, सावली बघा. तुमीच शिकवलंय, उंची असली की सावली पडती. भिंतीला पडलीय, तुळशीला पडलीय, माझ्या आईला पडलीय. ह्या रेघेला न्हाई. तिथं काई बांधलेलंच न्हाई."

सरांनी वाकून पडदा बघितला. बराच वेळ बघितला. मग चष्मा काढला. "तुझं बरोबर आहे. पण हद्दीला सावली लागत नाही, बाळ. फक्की मारली की झालं. असंच परिपत्रक आहे."

"तुमी एकदा गावात चला की. आष्ट्याची एस्टी हाय. बघा आणि लिवून द्या."

"मी कोण लिहून देणार? मी सीएचबी, तासावर पगार घेणारा." सरांनी चष्मा परत घातला. "नकाशा झाल्यावर गावात चौकशी असते. साहेब येतात, दोन्ही बाजूंना विचारतात. तिथं तुझ्या काकांनी सांगितलं की रेघ जाते. घरचीच माणसं आहेत ना?"

शंभूराज माऊसला हात लावीना. "मी न्हाई काढत. मार्क गेले खड्ड्यात."

"सरक, आण तो माऊस," प्राची त्याला म्हणाली. "मी काढते."

तिनं त्याची खुर्ची घेतली. एक क्लिक इकडच्या भिंतीला, एक क्लिक तिकडच्या. अंगणाचे दोन तुकडे झाले: एक मोठा, फाटकासकट, आणि एक पायरीपुरता, आईच्या पायाखालचा. हाताला काही वाटलं नाही. काका सांगतील, असं तिला खरंच वाटत होतं. वडिलांच्या चितेपाशी तिला धरून उभा राहिलेला माणूस तोच होता.

रविवारी गावी जाऊन तिनं काकांना सगळं सांगितलं. काका सोप्यात पेपर वाचत होते. "हां हां," ते म्हणाले. "घरातली गोष्ट हाय. बघू की."

चौकशी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होती. टेबलावर गावाचा नकाशा पसरलेला. मोजणी खात्याचा साहेब एकेक घराचं नाव पुकारत होता, माणसं पुढं येऊन मान डोलवत होती, सही करत होती. पंख्याचा आवाज लय मोठा होता. बायका एका भिंतीला, पुरुष दुसऱ्या. प्राची आईजवळ उभी होती. आईनं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती आणि कामावरची निळी साडी तशीच होती अंगावर.

"महावीर पाटील, पद्मावती पाटील."

काका पुढं गेले. आई पुढं गेली, तिच्यामागं प्राची. साहेबानं पेन्सिलीचं टोक नकाशावर ठेवलं. प्राचीनं ओळखलं, तिनंच ओढलेली रेघ.

"अंगणातली ही हद्द. बरोबर आहे?"

काका नकाशाकडं बघत राहिले. हॉलमधल्या निम्म्या माणसांनी त्या दिवशी त्या अंगणात महाराजांच्या स्वागताला कलश धरला होता. बस्तीच्या पंचांतले बाळासो तर आहार होईपर्यंत रेघेच्या कडेलाच उभे होते.

"रेघ होती साहेब," काका म्हणाले.

"हद्दीची?"

"रेघ होती. म्या महाराजांपुढं नियम घेतलाय, खोटं बोलायचं न्हाई. नव्हती असं मला म्हणता यायचं न्हाई."

"काका," प्राची म्हणाली, "नव्हती म्हणा असं कोण म्हणतंय? कशाला मारलेली तेवढं सांगा."

"ते साहेबांनी कुठं इचारलंय?"

कोणीतरी हसलं. साहेब वैतागला. "अहो, ग्रामपंचायतीनं फक्की वाटली कशाला? हद्द दाखवायला. त्याच दिवशी मारलेली रेघ मी दुसऱ्या कशाची धरू? कोणाला सांगायचंय का काही?" त्यानं हॉलभर बघितलं. "बोला, माहीत असेल तर."

बाळासो पंख्याकडं बघत होते. त्यांना एवढं काय दिसत होतं पंख्यात, देव जाणे. त्रिशलाकाकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. ती बोलेल असं प्राचीला क्षणभर वाटलं, कारण तिचे ओठ हलले. पण तिनं काकांकडं बघितलं आणि ओठ मिटले. पिढ्यान्‌पिढ्या किडामुंगी वाचवत चालणारी ही माणसं. पाणी गाळून पितात. एक वाक्य कोणाच्या तोंडातनं गळलं नाही.

"बाई, तुमचं काय म्हणणं?" साहेबानं आईला विचारलं.

"मला भाईर ठेवायला मारलेली ती."



"म्हणजे तुम्ही रेघेच्या ह्या बाजूला होतात?"

"व्हय."

"आणि अंगणात हे लोक होते?"

"व्हय."

"मग हद्दच झाली की बाई." साहेब ते वाईट मनानं म्हणाला नाही. त्याला अजून बरीच घरं करायची होती. "हरकत नोंदवायची असेल तर नोंदवा. पुढं इस्लामपूरला अपील करता येतं."

"आणि मी जायाचं कुठनं?"

त्यानं नकाशा स्वतःकडं ओढला. "मागं रस्ता आहे की. ही काय, गल्ली लागूनच आहे तुमच्या भिंतीला."

"तिकडं भिंत हाय. दार न्हाई."

"भिंत कोणाची?"

"माजीच."

"मग?"

बायकांच्या बाजूला कोणीतरी तोंडावर पदर धरला. मागं वडारांची गल्ली होती. जैनांच्या त्या ओळीतल्या एकाही घराला तिकडं दार नाही, खिडकी नाही, साधा झरोका नाही. तिकडं मटण शिजतं, वास येतो, म्हणून आजा-पणजांनी भिंती आंधळ्या बांधल्या. हे साहेबाला कोण सांगणार? नकाशात वास येत नाही.

आईनं टेबलावरचं पेन उचललं. "बरं," ती म्हणाली, आणि सही केली. हरकत नोंदवली नाही. प्राचीनं तिचा हात धरून तिला हॉलबाहेर आणलं.

परत येताना काका मागनं भरभर चालत आले. "वयनी, आवं, मनात काय धरू नका. कागद कागदाच्या जागी. ये-जा करा की तुमी. मी काय आडवलंय?"

"न्हाई आडवलं," आई म्हणाली.

आणि खरंच अडवलं नाही. फाटक उघडंच असायचं. फक्त त्रिशलाकाकू एकदा पायरीशी येऊन म्हणाली, "आक्का, कामावरनं येताना जरा हाळी देत जावा हां. आमी सोवळ्यात असतोय." मग काकूनं अंगणात वाळवण घातलं, तेव्हा आईला कडेकडेनं जावं लागलं. मग काकांनी तिथं गाडी लावली. बोलाचाली नाही, भांडण नाही. आई रोज सकाळी फाटकातनं बाहेर पडताना "जाऊ का?" म्हणायची आणि आतनं "जावा की" यायचं. जन्मभराच्या वाटेला ती आता विचारून जात होती. प्राची घरी होती तेव्हा तिनं हे ऐकलं. ऐकून तिला काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही. ती कांदा न घातलेली आमटी ढवळत राहिली.

दुसऱ्या दिवशी आई अर्ध्या पाळीनं कामावरनं सुटली, पण सरळ घरी आली नाही. वडार गल्लीत गेली आणि अर्जुनाला घेऊन आली, गल्लीच्या बाजूनं, भिंतीपर्यंत. अर्जुना दगडाचं काम करायचा. त्याला तिथं उभा करून ती वळसा घालून फाटकातनं आत आली. त्यानं बाहेरनं भिंतीवर थाप मारली, आतनं प्राचीनं मारली, म्हणजे जागा कळली.

"आक्का, खरंच फोडायची न्हवं?" बाहेरनं त्याचा आवाज आला. "मागनं माज्यावर नको यायला."

"माजी भिंत हाय."

"बघा हां. तुमच्या लोकांत लय बोलतील."

"आता काय कमी बोलतात?"

अर्जुना हसला. पहार पहिल्यांदा भिंतीवर आपटली आणि फळीवरची वडिलांची स्टीलची तांब्या-भांडी थरथरली. प्राचीनं ती उतरवून ठेवली. भिंत जुनी, जाड, दगड आणि मातीची. वरनं चिमूटभर माती, मग ओंजळभर, मग एक दगड आतल्या अंगाला पडला. आई कोपऱ्यात स्टुलावर बसून बघत होती, जसं कोणी एस्टीची वाट बघतं.

आवाज ऐकून काका धावत आले. अंगण ओलांडून, पायरी चढून, पहिल्यांदाच न विचारता आत. मागं त्रिशलाकाकू.

"वयनी! हे काय चालवलंय? वडार गल्लीत दार? आपल्या ओळीत कुणाचं तिकडं दार हाय?"

"माजं होतंय आता."

"आवं, लोक काय म्हणतील? उद्या बस्तीत तोंड कसं दाखवायचं म्या? पाहुण्यांत पोरींची लग्नं व्हायची हायत." काकांच्या कपाळाला घाम होता. त्यांनी आवाज खाली आणला. "असं करू. उद्या मी इस्लामपूरला जातो. साहेबाला सांगतो, ती रेघ आहाराची होती. लेखी देतो. मग तर झालं? अंगण आधी होतं तसंच. हे थांबवा."

म्हणजे बोलता येत होतं. एवढं सरळ वाक्य त्या माणसाच्या आत सगळे दिवस तयार होतं. कुणी मागितलं तर निघत नव्हतं, इज्जतीला भोक पडायला लागल्यावर निघालं. प्राचीला हसू आलं. तिनं आत पडलेला दगड पायानं बाजूला सारला.

"द्या की लेखी," आई म्हणाली. "खरंच हाय ते."

"देतो म्हणतोय न्हवं! मग दार कशाला?"

आईनं त्यांच्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. राग असता तर काकांना बरं पडलं असतं. त्यांनी चार शब्द ऐकून घेतले असते, दोन सुनावले असते आणि भांडण म्हणून गोष्ट मिटली असती. "मला कामावर जायाचं असतंय," ती म्हणाली. मग भिंतीकडं तोंड करून, "अर्जुना, थांबलास का रं?"

"तुमचं मिटतंय का बघत होतो."

"मिटलं. मार तू."

"काकू, तुमी तरी सांगा," काका त्रिशलाकाकूला म्हणाले. स्वतःच्या बायकोला चुकून काकू म्हणाले, पोरांनी म्हणावं तसं. त्रिशलाकाकूनं तोंड उघडलं तेवढ्यात मोठा दगड निघाला, धूळ उठली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती पदर नाकाला लावून अंगणात गेली. काका थोडा वेळ उभे राहिले. धोतरावर माती बसत होती. मग तेही गेले.

ते इस्लामपूरला गेले नाहीत. त्या दिवसानंतरही कधी गेले नाहीत.

दिवस कलेपर्यंत माणूस वाकून जाईल एवढं भोक झालं. बाहेरचं ऊन आत त्या जमिनीवर पडलं जिथं घर बांधल्यापासून ऊन पडलेलं नव्हतं. समोरच्या दारात एक बाई मिरच्या निवडत बसली होती. तिनं मान वाकडी करून आत बघितलं.

"बया! आत माणसं ऱ्हात्यात व्हय?"

"व्हय," आई म्हणाली.

"इतकी वरसं भांड्यांचा आवाज यायाचा. मला वाटायचं गोडाऊन हाय कुणाचं तर." ती उठून जवळ आली. "च्या ठेवू का? अर्जुनाला ठेवायचाच हाय. तुमाला चालतो का आमच्यातला?"

 आतनं प्राचीला आईची नुसती पाठ दिसत होती, त्या भोकात बसलेली, पाय बाहेर सोडून. अर्जुनानं पहार भिंतीला टेकवली आणि दुसरीकडं बघितलं, म्हणजे आईला उत्तर द्यायला सोपं जावं.

"दूध कमी घाला," आई म्हणाली.

प्राचीला सांगलीची एस्टी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पलूसकडचं एक गाव तिच्या मशीनवर येणार होतं. तिनं पिशवी घेतली, आईच्या शेजारनं वाकली, दगडावर पाय ठेवून बाहेर आली. केसांत माती होती, ती झाडली. गल्ली दोन्ही बाजूंना जात होती. एकीकडं कोंबड्या, एकीकडं दगडाचे पाटे-वरवंटे रचलेले. तिनं हे गाव वरून बघितलं होतं, छपरं ओळीनं पाठ होती. इथं उभी राहिल्यावर कुठलंच ओळखू येईना.

"मावशी," तिनं चहा गाळणाऱ्या बाईला विचारलं, "एस्टी स्टँडला कुठनं जायाचं?"

बाई गाळणं धरून थांबली. "ह्याच गावची न्हवं का गं तू?"

"व्हय," प्राची म्हणाली, आणि बाईनं बोटानं दाखवलेल्या बाजूला चालायला लागली.